पालथ्या निजेचे अंथरूण

कराडच्या नैर्ऋत्येला आगाशिवाचा डोंगर आहे. जखिणवाडीच्या बाजूने वर चढले की साठांहून अधिक लेणी एकेक करून दिसू लागतात. त्यांतल्या विहारांच्या खोल्यांत कातळातच कोरलेले ओटे आहेत. हे भिक्षूंचे पलंग. मध्य भारतातल्या भरहुतच्या स्तूपावर ‘करहाकट’च्या, म्हणजे कराडच्या, दात्यांची नावे कोरलेली आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हे गाव इतके नांदते होते. पोटावर पालथे झोपण्याची ज्यांना सवय आहे आणि ज्यांचे घर कृष्णाकाठच्या दमट उकाड्यात आहे, त्यांनी गादी कोणती घ्यावी, हा आजच्या दुकानातला प्रश्न. त्याचे उत्तर शोधायला आपण याच ओट्यापासून निघू, कारण अशा माणसाला हव्या असलेल्या दोन गोष्टी, न रुतणारा पृष्ठभाग आणि गारवा, या कातळात पहिल्यापासून आहेत.

नुसत्या दगडावर मात्र भिक्षूही झोपत नसत. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात त्यांना पाच तऱ्हेच्या गाद्यांची मुभा दिलेली आहे: लोकर, चिंध्या, साल, गवत आणि पाने भरलेल्या. कापूस भरून मढवलेला पलंग निषिद्ध होता. कोणी केलाच तर तो उसवून टाकायचा. झाडाचा, वेलीचा आणि गवताचा कापूस उशीत चाले, पण उशी डोक्याएवढीच हवी. यातला झाडाचा कापूस म्हणजे सावरीचा, असे मानायला हरकत नाही. पाटण-कोयनेच्या रानात काटेसावर आजही फुलते, आणि तिचा पोकळ, मेणचट तंतू पाणी धरत नाही. अंगुत्तर निकायात निजेचे चार प्रकारही सांगितले आहेत: उताणी प्रेतशय्या, डाव्या कुशीवरची कामभोगीशय्या, उजव्या कुशीवरची सिंहशय्या आणि ध्यानातली तथागतशय्या. पालथ्या निजेला त्या यादीत जागा नाही. तसे झोपणारे तेव्हाही असणारच. त्यांची दखल मात्र पुढे फार काळ कोणी घेतली नाही.

त्या पाच भरणांपैकी लोकर आणि चिंध्या आपल्या मुलखात टिकल्या. महाबळेश्वरात वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये आणि शेजारच्या आटपाडीत तो 500 च्या आसपास असतो. या कोरड्या पट्ट्यात, माण-खटावपासून जतपर्यंत, धनगरांची मेंढरे, सनगरांचे खड्ड्यातले माग आणि चिंचोक्याची खळ यांतून घोंगडी तयार झाली. लोकर दाबून केलेले जेन तिचेच भावंड. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत दमटपणा ओढून घेते आणि तरी ओली लागत नाही. अंगाला टोचते, हे खरे. पण खाली घोंगडी आणि वर धुवट धोतर अंथरून झोपणारा मेंढपाळ घामाचा बंदोबस्त नीट जाणून होता.

चिंध्यांची गादी म्हणजे वाकळ. पुण्याकडे गोधडी म्हणतात, आपल्याकडे वाकळच. या वस्तूची मला फार थोरवी वाटते, म्हणून इथे जरा थांबू. नेसून विरलेली नऊवारी लुगडी, फाटकी धोतरे, पटक्यांचे तुकडे यांचे थर जमिनीवर पसरायचे, वरखाली त्यातल्या त्यात धड लुगडे घ्यायचे, कडा दुमडायच्या आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा घालत यायचे. दोन-तीन बायका समोरासमोर बसून टाके घालत सरकतात. टाक्यांच्या ओळी बोटा-दोन बोटांच्या अंतराने पडतात, त्यामुळे आतला थर जागचा हलत नाही. तयार वाकळ जाडीला बोटभर. अंग तिच्यात रुतत नाही, शंभरदा धुतलेले सूत घाम टिपते, आणि एका कडक उन्हात ती खडखडीत वाळते. घटस्थापनेआधी गावोगाव दसरा काढतात, तेव्हा घरातले सगळे अंथरूण-पांघरूण ओढ्यावर जाते. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोके धरून तिला पीळ देतात. वर्षाचा घाम, धूळ आणि ढेकूण त्या एका दिवशी निघून जात. पालथ्या निजेसाठी इतके योग्य अंथरूण आपल्याकडे दुसरे झाले नाही, असे माझे मत आहे.

कापसाची गादी खेड्यात उशिरा पोचली. कापूस काही नवा नव्हता; नेवाशाच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या दफनातल्या तांब्याच्या मण्यांच्या ओवणीतही त्याचा अंश मिळाला आहे. पण तो आधी सुतासाठी, अंगावर नेसण्यासाठी. आठ-दहा किलो कापूस नुसता अंगाखाली घालणे वाड्यातल्यांनाच परवडे. 12 जानेवारी 1708 रोजी साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या दरबारी जगात गादी, लोड आणि तक्के ही सत्तेची बैठक होती. ती सामान्यांच्या निजेपर्यंत आणली पिंजाऱ्यांनी, ज्यांना सांगली-कोल्हापूरकडे नदाफ म्हणतात. खांद्यावर धनुकली घेऊन ते दारोदार फिरत. तांतीवर लाकडी ठोकळ्याचा आघात झाला की दबलेला कापूस भुरभुरून वर येई. मग गादीपाटाच्या खोळीत तो भरायचा आणि लांब सुईने आरपार टाके घालायचे. देशी वाणाचा आखूड, भरड धागा सूत कातायला दुय्यम, पण गादीत उसळी धरायला उत्तम. नवी गादी पालथ्या माणसाला पहिले काही महिने फार मऊ पडते. मग ती बसते, घट्ट होते आणि नेमकी सोयीची ठरते. वर्षा-दोन वर्षांनी कमरेखाली खळगा पडला की पुन्हा पिंजून घ्यायची वेळ येते. तो खर्च टाळणाऱ्यांनीच कापसाच्या गादीची बदनामी केली.

यानंतरचा प्रवास भरधाव आहे. 1929 मध्ये इंग्लंडात डनलॉपच्या कारखान्यात रबराचा चीक फेसून फोम बनवला गेला, आणि पुढे आपल्याकडे कुठल्याही फोमला लोक ‘डनलॉपची गादी’ म्हणू लागले. 1937 मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेन शोधले. आजचा स्वस्त फोम त्याचाच वंशज. 1962 मध्ये कर्नाटकात कर्लऑन कंपनी सुरू झाली आणि नारळाचा काथ्या रबराच्या चिकात बांधलेली कडक गादी घरोघर गेली. 1966 मध्ये नासासाठी विमानाच्या आसनाकरिता मेमरी फोम तयार झाला. थंड देशांत तो पलंगावर आला तेव्हा अंगाला वेढून ऊब धरणे हा त्याचा गुण होता. सांगलीच्या मे महिन्यात तोच दोष होतो.

पालथे झोपल्यावर काय होते ते पाहू. शरीराचे सर्वांत जड अंग म्हणजे कटी. गादी मऊ असेल तर ती खाली जाते, छाती वर राहते आणि कमरेची आतली वाक आणखी खोल होते. सकाळी कंबर धरते. श्वासासाठी मान एका कुशीला वळवावी लागते, त्यात उशी जाड असेल तर मानेचा पीळ वाढतो. छाती आणि पोट गादीला चिकटलेले, त्यामुळे तिथला घाम उडत नाही. म्हणून डॉक्टर ही सवय सोडा म्हणतात, आणि ते रास्तच आहे. पण जन्माची सवय सांगून सुटत नाही. त्यावर ‘जितके कठीण तितके चांगले’ असा जुना समज होता. 2003 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्पेनमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली: जुनी कंबरदुखी असलेल्या 313 जणांत अतिकडक गादीपेक्षा मध्यम-कडक गादीवर झोपणाऱ्यांना 90 दिवसांनी अधिक आराम पडला होता. ती चाचणी खास पालथ्यांसाठी नव्हती, तरी कातळाच्या ओट्याकडे परत जायची गरज नाही, एवढे तिच्यावरून घ्यावे. आपल्याला हवी ती न रुतणारी, पण हाडांना न बोचणारी गादी.

राहिला प्रश्न ओलीचा. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर पोचली. पाणी ओसरल्यावर सांगलीच्या गल्ल्यांत भिजलेल्या गाद्यांचे ढीग लागले होते. पूर दरवर्षी येत नाही, पण आषाढ-श्रावणाची ओल दरवर्षी येते. फोमला कडक ऊन सोसत नाही, तो पिवळा पडून भुगा होऊ लागतो; म्हणजे ओल घालवण्याचा आपला सर्वांत जुना उपायच त्याला चालत नाही. म्हणून पालथे झोपणाऱ्याने मेमरी फोमचा जाड थर टाळावा. कापसाची, तीन ते चार इंचांची, टाके जवळजवळ घातलेली गादी घ्यावी आणि दर उन्हाळ्यात ती उलटून वाळवावी. तयार गादीच हवी असेल तर रबरी काथ्याची, किंवा भोके असलेल्या कडक लॅटेक्सची; वर पातळ सुती वाकळ. पलंगाला गच्च प्लायवूडऐवजी फटी सोडलेल्या फळ्या असाव्यात, म्हणजे खालून वारा लागतो. उशी सावरीची, पातळ. तीही डोक्याखाली नको वाटली तर ओटीपोटाखाली घ्यावी, कमरेची वाक कमी होते. दुकानात गादीवर बसून पाहू नये. चांगली दहा मिनिटे पालथे पडावे आणि सोबतच्या माणसाला बाजूने पाहायला सांगावे: खांदा आणि कटी एका रेषेत आहेत की कटी खाली गेली आहे. नदाफांच्या हातात आता धनुकलीऐवजी पिंजण्याचे यंत्र आहे. जुनी गादी त्यांच्याकडे नेली तर तिच्यातला कापूस पिंजून हव्या त्या जाडीची गादी भरून मिळते. टाके किती अंतरावर हवेत, ते तेवढे आधी सांगावे.