काडतुसाची निवड

शस्त्रांच्या इतिहासांत तरवार, तोफ आणि बंदूक यांना जेवढा मान मिळाला आहे तेवढा काडतुसाला मिळालेला नाहीं. पदार्थसंग्रहालयांत पिस्तुल कांचेआड ऐटीनें मांडलेलें असतें. त्याचें काडतूस बहुधा एखाद्या कोपऱ्यांत, लहानशा चिठ्ठीशेजारीं पडलेलें असतें. वस्तुतः पिस्तुल हें केवळ वाहन होय. जें कार्य व्हावयाचें तें गोळीकडून होतें. अमेरिकेच्या सैन्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं नवें पिस्तुल घेण्याचें मनांत आणिलें, तेव्हां तर आधीं गोळीचें माप ठरलें आणि मागाहून पिस्तुल घडलें. ही निवड कशी झाली, तिच्यांत शास्त्राचा भाग किती व भयाचा किती, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. विषय वरवर पाहतां शस्त्रागारांतील कारकुनाचा वाटेल. परंतु समोरच्या मनुष्याला आपण काय समजतों, हा प्रश्न त्याच्या मुळाशीं आहे.

१८७३ सालापासून अमेरिकन घोडेस्वाराच्या कमरेला कोल्ट कंपनीचें ०.४५ इंची रिव्हॉल्व्हर असे. त्याची गोळी शिशाची, वजनानें अडीचशें ग्रेनच्या आसपास. एका पौंडाचे सात हजार ग्रेन होतात, म्हणजे अशा सुमारें अठ्ठावीस गोळ्यांचा एक पौंड. १८९२ सालच्या नमुन्यानें ही परंपरा मोडली व ०.३८ इंची रिव्हॉल्व्हर सैन्यांत आलें. त्याचें चक्र बाजूला उघडे, त्यामुळें तें भराभर भरतां येई. हाताला धक्का कमी बसे. गोळी मात्र दीडशें ग्रेनची, आणि तिचा वेग सेकंदास साडेसातशें फुटांच्या आसपास. शांततेच्या काळांत पाहिलें तर हा बदल शहाणपणाचाच दिसत होता.

पुढें १८९८ सालीं स्पेनचा पराभव करून अमेरिकेनें फिलिपाइन्स बेटें आपल्या ताब्यांत घेतलीं. तेथील लोकांना धनी बदलून नको होता. त्यांना स्वातंत्र्य हवें होतें. त्यामुळें १८९९ पासून १९०२ पर्यंत मोठें युद्ध झालें, आणि दक्षिणेकडील मिंदानाव व सुलू या बेटांतील मोरो मुसलमानांशीं चाललेला झगडा तर १९१३ पर्यंत मिटला नाहीं. दाट झाडींतून, दहापांच पावलांच्या अंतरावरून, रुंद पात्याचा बारोंग उगारून मरणाचीच शपथ घेतलेला मोरो अंगावर येई. त्याच्यावर रिव्हॉल्व्हर रिकामें केलें तरी तो थांबत नाहीं, अशा तक्रारी अधिकाऱ्यांकडून येऊं लागल्या. या तक्रारी केवळ कल्पनेच्या नव्हत्या. १९०५ च्या ऑक्टोबरांत समार बेटावर पळूं पाहणाऱ्या एका कैद्याला अगदीं जवळून ०.३८ इंची रिव्हॉल्व्हरच्या चार गोळ्या लागल्या, त्यांपैकीं तीन छातींत. तरीहि तो झुंजत राहिला, आणि अखेर बंदुकीच्या दस्त्याचा तडाखा कपाळावर बसला तेव्हां कोठें तो पडला. अशा प्रसंगीं ज्याच्या हातांत तें रिव्हॉल्व्हर असेल त्याला मोठी गोळी हवीशी वाटली, तर त्यांत नवल नाहीं. सरकारनें गुदामांतलीं जुनीं ०.४५ इंची रिव्हॉल्व्हरें बाहेर काढून बेटांवर धाडलीं.

तथापि जुन्या शस्त्रांवर कायमचें भागणार नव्हतें. कोणत्या मापाची गोळी मनुष्याला तत्काळ थोपविते याचा शास्त्रीय निर्णय करण्यासाठीं १९०४ सालीं दोन अधिकाऱ्यांचें मंडळ नेमण्यांत आलें. एक शस्त्रखात्यांतील जॉन थॉम्सन. पुढें ज्यांच्या नांवाची यांत्रिक बंदूक जगभर गाजली तेच हे. दुसरे सैन्यांतील शल्यविशारद लुई ला गार्ड. जर्मनीची ७.६५ मिलिमीटर व नवी ९ मिलिमीटर, अमेरिकेच्या ०.३८ व ०.४५ इंची, इंग्लंडच्या ०.४५५ व ०.४७६ इंची, अशीं अनेक जातींचीं काडतुसें त्यांनीं जमविलीं. प्रयोगाचें एक स्थळ होतें शिकागो येथील कत्तलखाना. तेथें जिवंत गुरांवर गोळ्या झाडून तीं किती वेळांत कोसळतात हें पाहण्यांत आलें. दुसरीकडे मनुष्यांचीं प्रेतें टांगून, गोळी लागतांच तीं किती झोका घेतात याचा अंदाज करण्यांत आला. कांहीं जनावरें लागोपाठच्या गोळ्यांनींहि पडलीं नाहींत; त्यांना शेवटीं हातोड्यानें मारावें लागलें. एवढ्यावरून मंडळानें निर्णय दिला कीं लष्करी पिस्तुलाची गोळी ०.४५ इंचाहून लहान असूं नये.

या निर्णयाची जरा कसून परीक्षा केली पाहिजे. प्रेताच्या झोक्यावरून गोळीचा तडाखा मोजणें हें दिसावयास शास्त्रीय आहे. पण हिशेब करून पाहतां त्याचा अर्थ उरत नाहीं. दोनशें तीस ग्रेनची गोळी सेकंदास आठशें तीस फूट वेगानें जाऊन दीडशें पौंडांच्या देहांत रुतली, तर त्या सबंध देहाला मिळणारा वेग सेकंदास अवघा दोन इंचांच्या आसपास भरतो. गोळीच्या नुसत्या जोरानें मनुष्य उलथून पडत असता, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणें ती झाडणाराहि त्याच वेळीं मागें उलथला असता. मनुष्य पडतो तो मेंदूस किंवा पृष्ठरज्जूस इजा झाली म्हणून, मोठें हाड मोडलें म्हणून, रक्तस्राव होऊन शुद्ध गेली म्हणून, किंवा, आणि हें पुष्कळदां घडतें, आपणांस गोळी लागली या जाणिवेनेंच त्याचा धीर सुटला म्हणून. फिलिपाइन्समध्यें प्रश्न पडला होता तो धीर न सुटणाऱ्या मनुष्याचा. आणि त्याचें उत्तर शोधण्यांत आलें तें गुरांवर व प्रेतांवर; प्रेताला भय नाहीं, वेदना नाहीं आणि निश्चयहि नाहीं. मंडळाचे सभासद अडाणी होते असें मात्र कोणीं समजूं नये. शरीराच्या बहुतेक भागांवर लागलेली पिस्तुलाची गोळी शत्रूला तत्काळ थांबवील अशी आशा धरतां येत नाहीं, म्हणून सैनिकांना अचूक नेमाचें शिक्षण अखंड दिलें पाहिजे, असेंहि त्यांनीं त्याच अहवालांत सांगितलें होतें. पण ०.४५ हा आंकडा लक्षांत राहिला आणि नेमाचा उपदेश मागें पडला. आंकडा पैसे देऊन विकत घेतां येतो. नेम रोज घाम गाळून मिळवावा लागतो.

हीच तक्रार थोड्याच वर्षांपूर्वीं आपल्या देशाच्या वायव्य सीमेवरून निघाली होती. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेंत इंग्रजांच्या ०.३०३ इंची बंदुकीची कवचबंद गोळी पठाणाच्या शरीरांतून आरपार जाते, पण त्याला थांबवीत नाहीं, असें सांगण्यांत आलें. बंदुकीच्या गोळीचें बळ पिस्तुलाच्या कितीतरी पट. तिच्याविषयींहि तोच बोभाटा व्हावा, यावरून दोष केवळ गोळीच्या मापाचा नव्हता हें उघड होतें. उपाय निघाला कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यांत. बर्टी-क्ले नांवाच्या अधिकाऱ्यानें गोळीच्या टोकावरचें कवच काढून आंतील शिसें उघडें ठेविलें, म्हणजे शरीरांत शिरतांच ती पसरावी व जखम रुंद व्हावी. आज ज्या डमडमला कलकत्त्याचा विमानतळ आहे, त्या गांवाचें नांव अशा रीतीनें जगाच्या सर्व भाषांत शिरलें. पिस्तुलासाठींहि इंग्लंडनें १८९८ सालीं ‘मनुष्यास थोपविणारी’ अशा अर्थाच्या टोपण नांवाची, तोंडाशीं पोकळ असलेली ०.४५५ इंची गोळी काढली.

१८९९ सालीं हेग येथें शांततापरिषद भरली आणि पसरणाऱ्या गोळ्यांच्या निषेधाचा जाहीरनामा तेथें पुढें आला. इंग्लंडचे प्रतिनिधि सर जॉन आर्डा यांनीं विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: सुधारलेला सैनिक जखमी झाला म्हणजे मागें फिरतो, पण रानटी मनुष्य दोनतीनदां भोंसकला गेला तरी पुढेंच येतो, करितां त्याच्यासाठीं निराळी गोळी हवी. जाहीरनामा मंजूर झाला, आणि इंग्लंडनें आपली पोकळ गोळी १९०० सालीं मागेंहि घेतली. परंतु जाहीरनाम्यास त्यानें मान्यता दिली ती १९०७ सालीं. शिवाय त्यांतील शब्द लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहेत. सही करणाऱ्या राष्ट्रांतील आपापसांतल्या युद्धापुरताच तो बंधनकारक होता. पठाण व मोरो यांना सही करण्यास कोणीं बोलाविलेंच नव्हतें! स्वतःच्या देशासाठीं जखमेची पर्वा न करणाऱ्या सैनिकाला युरोपांत वीर म्हणत. तीच गोष्ट डोंगरांतल्या किंवा बेटावरच्या मनुष्यानें केली म्हणजे तो त्याच्या हीन प्रकृतीचा पुरावा ठरे, आणि मग काडतूस बदलावें लागे.

मापाचा निर्णय झाल्यावर त्याला योग्य पिस्तुल देण्याचें काम जॉन ब्राउनिंग या कल्पक कारागिरानें केलें. प्रथम त्यानें नव्या ०.४५ इंची काडतुसांत दोनशें ग्रेनची गोळी घातली होती. सैन्यानें अधिक जड गोळी मागितली, आणि दोनशें तीस ग्रेन कायम झाले. मार्च १९११ मधील अखेरच्या परीक्षेंत ब्राउनिंगच्या पिस्तुलांतून सहा हजार गोळ्या झाडण्यांत आल्या. तापलें म्हणजे पाण्यांत बुडवून थंड करीत, आणि पुन्हां झाडीत. तें एकदांहि अडलें नाहीं. सॅव्हेज कंपनीचें प्रतिस्पर्धी पिस्तुल सदतीस वेळां अडलें. २९ मार्च १९११ रोजीं ब्राउनिंगचा नमुना मान्य झाला आणि १९८५ पर्यंत तो सैन्याचें अधिकृत पिस्तुल राहिला. माझ्या मतें या सर्व प्रकरणांतील खरी परीक्षा ही होय. दर वेळीं निश्चितपणें उडणारें काडतूस व न अडणारें पिस्तुल, हा गुण मोजतां येतो. शत्रूचा निश्चय मोजतां येत नाहीं.

पुढील इतिहास लंबकासारखा आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडनें आपली ०.४५५ इंची गोळी सोडून ०.३८ इंचाचें माप पत्करलें. नवशिक्या सैनिकाला हलकें शस्त्र लवकर साधतें, हें त्याचें कारण. अमेरिकेनें १९८५ सालीं ९ मिलिमीटर घेतली, म्हणजे १९०४ च्या मंडळानें जिला अपुरी ठरविलें होतें तेंच माप. दुसऱ्याच वर्षीं, ११ एप्रिल १९८६ रोजीं, मायामी शहरांत दोन दरोडेखोरांशीं झालेल्या चकमकींत एफ. बी. आय. चे दोन अधिकारी मारले गेले. दरोडेखोरांपैकीं एकाच्या छातींत शिरलेली ९ मिलिमीटरची गोळी हृदयाच्या अलीकडेच थांबली होती. जखम प्राणघातक असूनहि तो लढत राहिला. लागलीच पुन्हां मोठ्या काडतुसाची मागणी झाली आणि प्रथम १० मिलिमीटर व नंतर ०.४० इंच अशीं मापें आलीं. परंतु या वेळीं प्रयोगाची रीत सुधारली होती. प्रेताच्या झोक्याऐवजीं जिलेटिनच्या ठोकळ्यांत गोळी किती खोल जाते हें मोजूं लागले, व निदान बारा इंच ही मर्यादा ठरली. १९८९ सालच्या त्या संस्थेच्या निबंधांत पिस्तुलाच्या गोळीनें मनुष्य उलथतो या समजुतीचें सरळ खंडन केलेलें आहे; गोळी कोठें लागली व किती खोल गेली, हेंच काय तें महत्त्वाचें. आणि पुढें पंचवीसेक वर्षांनीं ती संस्था ९ मिलिमीटरवरच परत आली. कारण चांगल्या बनावटीच्या गोळ्यांत मापानें फारसा भेद पडत नाहीं, व धक्का कमी असला म्हणजे नेम अधिक साधतो.

ऐंशींहून अधिक वर्षें, अगणित द्रव्य आणि कित्येक मापें खर्ची घालून जें हातीं आलें, तें १९०४ च्या अहवालांत नेमाविषयींच्या एका वाक्यांत पडून होतें. तें दिसलें नाहीं याचें कारण बुद्धीची उणीव नव्हे. प्रत्येक वेळीं काडतूस निवडलें गेलें तें मागच्या भीतीला उत्तर म्हणून; आणि ती भीति एका विशिष्ट मनुष्याची होती, जो आपल्या गणिताप्रमाणें पडला नाहीं. तो कां पडला नाहीं, तो कशासाठीं धांवत आला, हे प्रश्न विचारले असते तर कदाचित् त्या बेटांवर काडतुसांची गरजच कमी पडली असती. पण ते प्रश्न शस्त्रखात्याच्या कक्षेंतले नव्हते. ते ज्यांच्या कक्षेंतले होते त्यांनीं ते विचारले नाहींत, आणि शस्त्रखात्याकडे गोळीचें माप तेवढें पाठविलें.