गोठ्यातली रोडकिंग: बंद गाडी रस्त्यावर येते तेव्हा

कोल्हापूर जिल्ह्यात गावाकडच्या जुन्या घरांत एक गोष्ट हमखास दिसते. गोठ्यात नाहीतर जिन्याखाली एक बंद मोटारसायकल उभी असते. अंगावर पोतं, सीटवर कोंबडी. घरातली पोरं म्हणतात, "भंगारात घालूया." घरातला म्हातारा म्हणतो, "राहू दे." आज बघूया, ही गाडी तिथं आली कशी, थांबली का, आणि परत चालू करायची झाली तर नेमकं काय काय लागतं.

उदाहरण घेऊया येझदी रोडकिंगचं. 250 सीसी, टू-स्ट्रोक. सिलिंडर एक, सायलेन्सर मात्र दोन. आणि गंमत म्हणजे किक आणि गिअर एकाच दांड्यावर. दांडा आत दाबून फिरवला की किक, पुढं वळवला की गिअर. नवीन माणूस पहिल्यांदा बसला की किक शोधतच राहतो.

ह्या गाडीचं मूळ चेकोस्लोव्हाकियात आहे. प्रागमध्ये फ्रांतिशेक यानेचेक नावाचे गृहस्थ शस्त्रं बनवायचे. महायुद्ध संपलं, शस्त्रांना गिऱ्हाईक राहिलं नाही. मग 1929 मध्ये त्यांनी वांडरर ह्या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलचं डिझाइन घेतलं. यानेचेकचा 'जा', वांडररचा 'वा', झाली जावा. भारतात ही गाडी आणली मुंबईच्या इराणी मंडळींनी. पुढं आयातीवर बंधनं आली तेव्हा रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला. 1961 पासून तिथं गाड्या बनायला लागल्या. 1973 पासून नाव झालं येझदी, इराणमधल्या यझ्द शहरावरून. 1978 ला रोडकिंग आली. आणि 1996 ला कारखान्याला कुलूप लागलं.

का लागलं? 1985 च्या आसपास जपानी तंत्राच्या 100 सीसी गाड्या आल्या. हिरो होंडाची सीडी 100, यामाहाची आरएक्स 100. सीडी 100 पुढं रोडकिंगचं मायलेज निम्म्याच्या आसपास. वर टू-स्ट्रोकचा धूर, आणि नव्वदच्या दशकात प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. म्हणजे बघा, गोठ्यातल्या कितीतरी गाड्या बिघडल्या म्हणून थांबल्या नाहीत. पेट्रोल परवडेना म्हणून "जरा दिवस उभी करूया" म्हणून थांबल्या, आणि टाकीत पेट्रोल तसंच राहिलं.

खरा घोळ इथं होतो. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागं चिकट राळ उरते. कार्बोरेटरच्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, ते बुजतं. टाकी आतून गंजते. काँटॅक्ट पॉइंटवर थर चढतो, स्पार्क येत नाही. पण सगळ्यात घातक गोष्ट बाहेरून दिसतच नाही, ती म्हणजे क्रँकचे ऑइल सील. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधून वर जातं, म्हणून तो डबा हवाबंद लागतो. सील वाळून कडक झाले की बाजूनं जास्तीची हवा ओढली जाते, पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. त्यामुळं बंद गाडी पहिल्या किकला चालू झाली म्हणून लगेच रंकाळ्याला चक्कर मारायची नाही. आधी सील बदलायचे.

आमच्या काकांची 1984 ची रोडकिंग पंचगंगेच्या काठच्या गावात होती. ऑगस्ट 2019 चा पूर तुम्हाला आठवत असेल. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी 43 फूट आहे, पाणी चढलं 55 फूट 7 इंचांपर्यंत. गाडी अख्खी बुडाली. पाणी ओसरल्यावर सगळे म्हणाले, किक मारून बघ. उद्यमनगरातले एक सत्तरीचे मेस्त्री म्हणाले, "हात लावू नकोस बाळा. आत गाळ हाय. फिरवलंस की बेअरिंग खाणार."

त्यांची पद्धत आधी इंजिन पूर्ण खोलण्याची. गाळ धुतला, बेअरिंग आणि सील नवीन घातले, टाकी आतून साफ केली, सगळं वायरिंग बदललं. गाडी नुसती धूळ खात पडली असेल, पाण्यात गेली नसेल, तर ते वेगळं सांगतात: प्लग काढा, चमचाभर ऑइल सिलिंडरमध्ये सोडा, दोन दिवस थांबा, मग हातानं सावकाश फिरवा. टायर चांगले दिसले तरी रबर म्हातारं झालेलं असतं, तेही बदला. आणि हो, आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जे आपल्याच उसापासूनही बनतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. म्हणून नळी आणि वॉशर आजच्या पेट्रोलला चालतील असेच घ्यायचे.

आता प्रश्न असा, की कंपनी 1996 ला बंद पडली, मग गाडी दुरुस्त होते कशी? उत्तर कोल्हापूरच्या मातीत आहे. नदीचं पाणी उसाला द्यायला इंजिनं लागली, गुऱ्हाळाला चरक लागले, ते दुरुस्त करायला लेथ आणि ओतकाम लागलं. शिवाजी उद्यमनगर त्यातनंच वाढलं, आणि आज कोल्हापूरच्या फाउंड्र्या देशभरच्या वाहन कंपन्यांना कास्टिंग पुरवतात. सवय त्याहूनही जुनी. बाबूराव पेंटर यांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला आणि 1920 ला 'सैरंध्री' पडद्यावर आणला. पार्ट मिळत नाही? मग बनवू. नाद खुळा म्हणतात तो हाच.

लोखंड झालं, आता कागद. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, मग तपासणी करून दर वेळी 5 वर्षांसाठी नूतनीकरण. उशिराचा दंड आणि पर्यावरण कर वेगळा. आरसी वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी जुळतोय का, हे खर्च करायच्या आधी बघा. 2021 च्या नियमानुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते, पण मग ती रोज चालवता येत नाही. सगळ्यात पहिली रोडकिंगसुद्धा 2028 च्या आधी त्यात बसत नाही.

मी कोड लिहून पोट भरतो. आमच्यात जुना कोड समजत नसेल तर निदान कमेंट वाचता येते. मेस्त्रींनी काहीच लिहून ठेवलेलं नाही. पॉइंटचा गॅप ते डोळ्यानं बघतात, टायमिंग आवाजावरून लावतात. त्यांचा मुलगा ह्या धंद्यात नाही. पार्ट लेथवर परत बनेल, पण हा कान कुठं बनवणार?

म्हणून एक काम सांगतो. घरात अशी गाडी असेल तर ती मेस्त्रीकडं टाकून घरी येऊ नका. दोन रविवार तिथं बसा, फोनवर रेकॉर्डिंग करा, का आणि कसं ते विचारा. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले जगभर आपापल्या गाड्या बाहेर काढतात. तोवर तुमची चालू झाली तर आवाज रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. भेटूया!