परीक्षकाची परीक्षा : श्वानप्रदर्शनांच्या नियमांची दीडशे वर्षे

(१)
२८ जून १८५९. इंग्लंडच्या उत्तरेकडील न्यूकॅसल शहरात गुरांच्या वार्षिक प्रदर्शनाला जोड म्हणून कुत्र्यांचेही प्रदर्शन भरले. जाती दोनच, पॉइंटर आणि सेटर. कुत्री सुमारे ६०. बक्षीस म्हणून बंदुका. निकाल मात्र विलक्षण लागला. पॉइंटर तपासणाऱ्या एका परीक्षकाचा कुत्रा सेटरांत पहिला आला आणि सेटर तपासणाऱ्या एका परीक्षकाचा कुत्रा पॉइंटरांत पहिला आला!

(२)
यात कोणताही नियम मोडला गेला नव्हता. मोडण्याजोगा नियमच अस्तित्वात नव्हता. स्पर्धकाने परीक्षक व्हावे की नाही, कुत्र्याचे नेमके काय पाहावे, निकालाविरुद्ध दाद कोठे मागावी, यांपैकी काहीही लिहिलेले नव्हते. पुढल्या दीडशे वर्षांत हे सारे नियम कसे घडले, ते कोणी घडवले आणि त्या नियमांनी उलट कुत्र्यांनाच कसे घडवले, हा आजच्या धाग्याचा विषय.

(३)
आधी पार्श्वभूमी. १८३५ साली ब्रिटिश संसदेने बैलावर कुत्री सोडण्याचा आणि कुत्र्यांच्या झुंजींचा खेळ कायद्याने बंद केला. झुंजी चोरून चालू राहिल्या, पण शौकिनांना उघडपणे करता येईल असे दुसरे काहीतरी हवे होते. लंडनच्या दारूगुत्त्यांत मंडळी आपापली कुत्री घेऊन जमू लागली. आता प्रश्न ‘कोण जिंकतो’ हा राहिला नव्हता. ‘कोण देखणा’ हा झाला होता. त्याच काळात रेल्वेचे जाळे पसरले आणि दूरच्या गावाहून कुत्रा प्रदर्शनाला नेणे शक्य झाले.

(४)
पण न्यूकॅसलला आलेली कुत्री गुत्त्यातली नव्हती. ती जमीनदारांची शिकारी कुत्री होती. पॉइंटरला झुडपात पक्ष्याचा वास लागला की तो जागच्या जागी थबकतो आणि नाकाने दिशा दाखवतो. सेटर अशा वेळी दबा धरून बसतो. म्हणजे यांची खरी गुणवत्ता रानात दिसणारी. प्रदर्शनाच्या दालनात मात्र रानही नाही आणि पक्षीही नाही. समोर उभा असतो तो केवळ देह. मग परीक्षकाने पाहायचे काय?

(५)
या प्रश्नाला उत्तर देऊ पाहणारा माणूस न्यूकॅसलच्या परीक्षकांतच होता. त्याचे नाव जॉन हेन्री वॉल्श. पेशाने मूळचा शल्यवैद्य, १८५७ पासून ‘द फील्ड’ या साप्ताहिकाचा संपादक. ‘स्टोनहेंज’ या टोपणनावाने तो लिहीत असे. खेळांना नियम असावेत, हा त्याचा ध्यास होता. १८६८ साली त्याच्याच कचेरीत एका क्रोके क्लबची स्थापना झाली. त्याच क्लबने १८७७ मध्ये विम्बल्डनची पहिली टेनिस स्पर्धा भरवली.

(६)
वॉल्शचा ‘द डॉग्ज ऑफ द ब्रिटिश आयलंड्स’ हा ग्रंथ १८६७ साली निघाला. त्याची कल्पना साधी होती. प्रत्येक जातीच्या अवयवांचे वर्णन लिहून काढायचे आणि डोके, मान, खांदे, छाती, पाय, शेपटी, रंग अशा प्रत्येकाला ठरावीक गुण द्यायचे. बेरीज १००. आता ‘हा कुत्रा मला आवडला’ एवढे म्हणून परीक्षकाची सुटका नव्हती. का आवडला, हे त्याला तक्त्याच्या भाषेत सांगणे भाग होते.

(७)
येथे एक सूक्ष्म पण मोठा बदल झाला. प्रदर्शनात दहा कुत्री उभी असली तरी परीक्षक त्यांची तुलना केवळ एकमेकांशी करीत नाही. कागदावर वर्णिलेल्या एका अकराव्या, आदर्श कुत्र्याशी तो प्रत्येकाला ताडून पाहतो. हा अकरावा कुत्रा कोणी कधी पाहिलेला नसतो. पण बक्षीस मिळते ते त्याच्या सर्वांत जवळ जाणाऱ्याला. या लेखी वर्णनाला आज ‘जातीचे मानक’ म्हणतात.

(८)
त्या काळीच काहींना यातला धोका जाणवला होता. देखणा पॉइंटर रानात निकामी ठरला तर त्याच्या देखणेपणाचा उपयोग काय? एप्रिल १८६५ मध्ये बेडफर्डशायरमधील साउथहिल येथे शिकारी कुत्र्यांची प्रत्यक्ष रानात चाचणी घेण्यात आली. तेव्हापासून दोन वाटा झाल्या. एकीकडे रूपाची स्पर्धा, दुसरीकडे कामाची. पुढे अनेक जातींत या दोन वाटांवरची कुत्री इतकी वेगळी झाली की एकाच नावाची असूनही ती सहज निराळी ओळखू येतात.

(९)
१८६० च्या दशकात प्रदर्शने गावोगावी पसरली आणि त्यांच्यासोबत लबाडीही. केस रंगवणे, कान कापून आकार देणे, वय चोरणे. सर्वांत सोपी युक्ती नावाची होती. एकाच नावाची डझनभर कुत्री प्रदर्शनांत फिरत. एकाने मिळवलेली कीर्ती दुसऱ्याच्या पिल्लांची किंमत वाढवण्यासाठी बेधडक वापरता येई. लक्षात घ्या, खरा पैसा बक्षिसात नव्हता. तो विजेत्याच्या वंशात होता.

(१०)
आता रंगमंचावर येतात सेवालिस शर्ली. आयर्लंडमध्ये मोठी जमीनदारी, पार्लमेंटचे सदस्य आणि कुत्र्यांचे नादिक. १८७० साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठे प्रदर्शन भरवले, पण त्यात तोटा आला. हौशी समित्यांच्या भरवशावर हा कारभार चालणार नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. ४ एप्रिल १८७३ रोजी लंडनमध्ये शर्ली आणि आणखी बारा जण एकत्र आले आणि ‘केनेल क्लब’ स्थापन झाला. सर्व देशातील कुत्र्यांच्या प्रदर्शनांचे नियमन करणारी जगातील ही पहिली संस्था.

(११)
विचार करा. या तेरा जणांच्या हाती कोणती सत्ता होती? संसदेने त्यांना नेमले नव्हते. पोलीस त्यांच्या दिमतीला नव्हते. ज्याला त्यांचे नियम नकोत, त्याने ते पाळू नयेत, इतके सोपे होते. तरीही काही वर्षांतच देशभरातील प्रदर्शने त्यांच्या शब्दावर चालू लागली. हे कसे घडले? उत्तर एका वहीत आहे.

(१२)
१८७४ साली क्लबने आपली पहिली वंशनोंदवही छापली. १८५९ पासूनच्या प्रदर्शनांत आणि चाचण्यांत उतरलेल्या ४,०२७ कुत्र्यांची नोंद तीत होती. सोबत प्रदर्शनांची नियमावलीही होती. १८८० मध्ये क्लबने पुढचे पाऊल टाकले. कुत्र्यांच्या नावांची रीतसर नोंदणी सुरू केली, म्हणजे एकाची कीर्ती दुसऱ्याला वापरता येऊ नये. यावर ओरड झाली. हा जुलूम आहे, नोंदणीचे शुल्क ही लूट आहे, असे म्हणणारेही होते. पण नोंदणी टिकली.

(१३)
सत्तेची गुंफण अशी होती. नोंद नसेल तर मान्य प्रदर्शनात प्रवेश नाही. मान्य प्रदर्शनात जिंकला नाही तर विजेत्यांच्या नोंदीत नाव नाही. त्या नोंदीत नाव नसेल तर पिल्लांना भाव नाही. आणि ज्याने लबाडी केली त्याला क्लब सर्वच मान्य प्रदर्शनांतून बाद करू शकत असे. घोड्यांच्या शर्यतीत जॉकी क्लबने आणि क्रिकेटमध्ये एमसीसीने अठराव्या शतकापासून जी वाट घातली होती, तीच ही वाट. खासगी मंडळी, पण नियम साऱ्या देशाला लागू.

(१४)
न्यूकॅसलच्या त्या निकालाचे काय झाले? आज ब्रिटनमधील नियम स्पष्ट आहे : ज्या प्रदर्शनात तुम्ही परीक्षक, तेथे तुमचा कुत्रा स्पर्धेत उतरणार नाही. परीक्षकाचा निर्णय अंतिम असतो. ‘माझा कुत्रा अधिक चांगला होता’ अशी तक्रार ऐकली जात नाही. मात्र ‘अमुक नियम मोडला गेला’ ही तक्रार ऐकली जाते. मत आणि नियम यांच्यातली ही रेषा आखणे, हे अशा संस्थांचे सर्वांत मोठे काम म्हणावे लागेल. परीक्षकाची आवड कोणालाही काढून घेता येत नाही. तिला कुंपण मात्र घालता येते.

(१५)
नियमाची ताकद चांगल्या अर्थानेही दिसली. ग्रेट डेनसारख्या जातींचे कान कापून टोकदार करण्याची चाल होती. १८९० च्या दशकात हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. क्लबचे आश्रयदाते असलेल्या प्रिन्स ऑफ वेल्स यांनीही या प्रथेविरुद्ध मत दिले. त्यानंतर कान कापलेल्या कुत्र्यांना प्रदर्शनांत बक्षीस बंद झाले. जे प्रेमाच्या विनवणीने थांबले नव्हते, ते बक्षीस बंद होताच ओसरू लागले.

(१६)
पण नियम करणाऱ्यांच्या खोलीत कोण बसत होते? केवळ पुरुष. स्त्रिया कुत्री पाळत, प्रदर्शनांत उतरवत, जिंकत. क्लबच्या पूर्ण सदस्य मात्र होऊ शकत नव्हत्या. फ्लॉरेन्स नेगल या आयरिश वुल्फहाउंडच्या नामवंत पालक. त्यांनी १९६६ मध्ये जॉकी क्लबला न्यायालयात खेचून घोड्यांच्या प्रशिक्षक म्हणून परवाना मिळवला होता. पुढे त्यांनी केनेल क्लबविरुद्धही तसाच लढा दिला. अखेर १९७९ साली, म्हणजे स्थापनेनंतर १०६ वर्षांनी, पूर्ण सदस्यत्वाचे दार स्त्रियांना उघडले. तेव्हा नेगल यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती.

(१७)
आता मानकाची दुसरी बाजू. बुलडॉग हा मूळचा बैलाच्या झुंजीतला कुत्रा, चपळ आणि काटक. १८३५ नंतर त्याचे काम संपले, उरले ते रूप. १८७५ मध्ये त्याच्या चाहत्यांनी बुलडॉग क्लब काढला. मानकात मोठे डोके आणि आखूड चेहरा प्रशंसिला गेला. प्रत्येक पिढीत अधिक मोठ्या डोक्याचा आणि अधिक आखूड नाकाचा कुत्रा जिंकला आणि त्याच्याच पिल्लांना मागणी आली. आज अनेक बुलडॉगना श्वास घेताना त्रास होतो आणि बहुतेक पिल्लांचा जन्म शस्त्रक्रियेने करावा लागतो. कोणीही एकट्याने हे ठरवले नव्हते. ‘मोठे’ या विशेषणाला वरची मर्यादा नव्हती, इतकेच.

(१८)
ऑगस्ट २००८ मध्ये बीबीसीने एका माहितीपटातून शुद्ध वंशाच्या कुत्र्यांचे हे आजार घराघरांत पोहोचवले आणि खळबळ उडाली. ‘क्रफ्ट्स’ या प्रसिद्ध प्रदर्शनाचे प्रक्षेपण बीबीसीने २००९ पासून थांबवले. केनेल क्लबने सर्व जातींची मानके तपासून सुधारली आणि सख्ख्या भावंडांच्या किंवा पालक-अपत्याच्या संकरातून झालेल्या पिल्लांची नोंदणी बंद केली. २०१२ च्या क्रफ्ट्समध्ये धोक्यातील १५ जातींच्या विजेत्यांची पशुवैद्यांकडून तपासणी झाली. त्यांतील सहा नापास ठरले आणि पुढच्या फेरीस मुकले. परीक्षकाने निवडलेला विजेता वैद्याने बाद करावा, हे त्या जगात अभूतपूर्व होते.

(१९)
आपल्याकडेही या इतिहासाचा एक धागा पोहोचतो. दख्खनच्या पठारावरचा सडपातळ, वाऱ्याच्या वेगाने पळणारा शिकारी कुत्रा गावाकडे ‘कारवानी’ म्हणून ओळखला जातो. घोरपडे राजांच्या मुधोळ संस्थानामुळे त्याला ‘मुधोळ हाउंड’ हेही नाव लाभले. गंमत अशी की केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद ‘कॅरव्हान हाउंड’ म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. कुत्रा एकच, वह्या दोन, नावेही दोन. २००५ साली टपाल खात्याने काढलेल्या तिकिटावर ‘मुधोळ हाउंड’ असे नाव आले.

(२०)
हा साचा कुत्र्यांपुरताही राहिला नाही. अँडीज पर्वतातून अमेरिकेत नेलेल्या लामांचीही तेथे प्रदर्शने भरतात. त्यांचीही संघटना आहे, नियमपुस्तिका आहे, प्रशिक्षित परीक्षक आहेत. तेथे देहाची ठेवण तपासणारा वर्ग असतो आणि अडथळे ओलांडण्याचा, पाठीवर ओझे नेण्याचा वर्गही असतो. लामा हे हजारो वर्षांपासूनचे ओझेवाहू जनावर. रूप पाहताना त्याचे काम विसरले जाऊ नये, ही जुनी काळजी तेथेही दिसते.

(२१)
म्हणून एखाद्या स्पर्धेचा इतिहास वाचताना विजेत्यांची यादी पाहून थांबू नका. नियमावली काढा. परीक्षक कोणी नेमले, त्याला काय करण्यास मनाई होती, तक्रार कोणाकडे जात होती आणि गुण कशाला होते, हे चार प्रश्न विचारा. न्यूकॅसलमध्ये प्रश्न होता परीक्षकाच्या प्रामाणिकपणाचा. तो दीडशे वर्षांत बऱ्याच अंशी सुटला. पण परीक्षक पूर्ण प्रामाणिक असला आणि त्याच्या हातातला तक्ताच चुकीचा असला, तर त्याची किंमत त्या मुक्या जनावराला चुकवावी लागते. नियम बदलण्याची विनंती करायला ते क्लबच्या सभेत येऊ शकत नाही.

(धागा समाप्त)