समावर्तन

विद्येचा आरंभ आपल्याकडे मुंजीने वाजतगाजत होतो, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या विद्येच्या समाप्तीसाठीही गृह्यसूत्रकारांनी समावर्तन नावाचा एक स्वतंत्र संस्कार सविस्तर सांगून ठेवला होता, याचे स्मरण आज फार थोड्यांना असते. अध्ययन पुरे झालेला शिष्य गुरूची अनुज्ञा घेई, यथाशक्ति दक्षिणा अर्पण करी आणि मग त्याचे मंगलस्नान होई. पारस्कराच्या सूत्रात त्यासाठी पाण्याचे आठ कुंभ सांगितले आहेत. कमरेची मेखला सोडावयाची, वाढलेले केस व नखे काढावयाची, औदुंबराच्या काडीने दंतधावन करावयाचे आणि मग सुगंधी उटणे, नवे वस्त्र, पुष्पमाला, अंजन, आरसा, छत्री व पादत्राणे, म्हणजे ब्रह्मचर्यात जे जे वर्ज्य होते ते ते सर्व, क्रमाने स्वीकारावयाचे. काही सूत्रांत तर त्या दिवशी शिष्याने सूर्योदयापूर्वीच गोठ्यात शिरून दार बंद करून घ्यावे, सूर्याचे ऊन अंगावर पडू देऊ नये, असे विधान आहे. कारण स्नातकाच्या तेजानेच सूर्य तळपतो, अशी त्यामागची श्रद्धा होती. विद्यावंताचा याहून मोठा गौरव माझ्या तरी वाचनात नाही.

स्नातकांचे तीन प्रकार सूत्रकार मानतात : वेद पुरा केला पण व्रते अपुरी राहिली तो विद्यास्नातक, व्रते पाळली पण वेद अपुरा राहिला तो व्रतस्नातक, आणि दोन्ही सिद्धीस नेली तो विद्याव्रतस्नातक. केवळ पाठांतर आणि आचरण यांत भेद करणारी, आणि तिसऱ्यालाच श्रेष्ठ ठरविणारी ही दृष्टी मला त्या साऱ्या विधीचे मर्म वाटते. अर्थात विद्येचे दार स्त्रियांना व शूद्रांना बंद होते, ही त्या व्यवस्थेची फार मोठी उणीव झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही.

पुढे गुरुकुले ओसरली आणि संस्कारातील प्राण गेला. महाराष्ट्रात तो सोडमुंजीच्या रूपाने उरला, तोही पुष्कळदा लग्नाच्या तोंडावर उरकलेला : बटूने काशीला निघाल्याचा आव आणावा आणि मामाने मुलगी देण्याचे वचन देऊन त्याला परत फिरवावे! जिथे अध्ययनच झालेले नाही, तिथे त्याची समाप्ती कसली?

विद्वत्तेची खरी कदर पेशवाईत या संस्कारात नव्हे, तर श्रावणातील दक्षिणेत होई. तळेगावच्या दाभाड्यांकडून पेशव्यांकडे आलेला हा प्रघात पुण्यास पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यावर चाले. शास्त्रीमंडळींची योग्यता पाहून सरकारी खजिन्यातून द्रव्य दिले जाई. इंग्रजी अमलातही दक्षिणेची ही तरतूद पुरती बुडाली नाही. १८२१ साली विश्रामबागवाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेस तिचाच आधार मिळाला.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडनच्या धर्तीवर, केवळ परीक्षा घेणारे म्हणून. शिकवावयाचे कॉलेजांनी आणि पदवी द्यावयाची विद्यापीठाने, अशी वाटणी झाल्यामुळे पदवीदानाच्या प्रसंगी गुरूचा हात शिष्याच्या मस्तकावरून नकळत दूर झाला. १८६२ साली पहिले चार बी. ए. झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक. काळा झगा आला, कुलपतींच्या हातची सनद आली. अनुज्ञा मात्र परीक्षेच्या निकालाची.

तथापि त्याच काळात एक विलक्षण गोष्ट घडली, आणि तिचे महत्त्व पुरेसे ओळखले गेले आहे असे मला वाटत नाही. पेशव्यांच्या त्या जुन्या दक्षिणेतून दक्षिणा फेलोंच्या जागा निर्माण झाल्या आणि रानडे व भांडारकर या दोघांनाही त्या मिळाल्या. फेलोने पुढील अभ्यास करावा व खालच्या वर्गांना शिकवावे, अशी योजना होती. तैत्तिरीय उपनिषदातील आचार्य निरोप घेणाऱ्या शिष्याला अध्ययन व अध्यापन या दोहोंतही खंड पडू देऊ नकोस असे बजावतो. ती आज्ञा कोणी उच्चारली नसतानाही या तरुणांच्या हातून पाळली गेली. भांडारकर तर एल्फिन्स्टन व डेक्कन कॉलेजांत संस्कृतचे अध्यापक झाले, आणि ज्या विद्यापीठाने त्यांना पदवी दिली होती, त्याचेच कुलगुरू म्हणून नव्या पदवीधरांना उपदेश करण्याचा अधिकार १८९३ साली त्यांच्याकडे आला.