दंडावरच्या खुणेची कुळकथा

बाळाला बीसीजी जन्मताच का टोचतात? क्षयाच्या जंतूने गाठण्याआधी संरक्षण मिळावं म्हणून, हे ठरलेलं उत्तर. ते खरं आहे, पण या प्रथेचं कूळ त्यात पुरतं सापडत नाही.

लस घडवणारे आल्बेर काल्मेत मानत, की क्षय मुख्यतः आतड्यांवाटे शिरतो आणि नवजात बाळाचं आतडं जंतूंना सहज आत घेतं. म्हणून लस पहिल्या दहा दिवसांत द्यायची, तीही पाजायची! १९२१ मध्ये पॅरिसमध्ये पहिली लस अशीच एका तान्ह्या बाळाला पाजली गेली; त्याची आई बाळंतपणानंतर क्षयाने गेली होती. क्षय आतड्यांवाटे येतो ही समजूत पुढे मागे पडली, लस दंडात गेली, मुहूर्त मात्र जन्माचाच राहिला.

त्याआधीची तेरा वर्षं लीलच्या प्रयोगशाळेत गेली. गायीच्या क्षयाचे जंतू गठ्ठा करून बसत. ते सुटे व्हावेत म्हणून काल्मेत आणि त्यांचे सहकारी कामीय गेरँ यांनी बैलाच्या पित्तात शिजवलेल्या बटाट्याच्या कापांवर ते वाढवले. जंतू सुटे झालेच, शिवाय नरमलेही. मग दर तीन आठवड्यांनी नवा काप, असं सुमारे २३० वेळा केल्यावर लस तयार झाली.

खरी गंमत उत्तर स्वीडनमध्ये आहे. कार्ल नेस्लुंड या डॉक्टरांना दिसलं, की लस घेतलेल्या बाळांचे मृत्यू न घेतलेल्यांच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतके आहेत. पण इतक्या कोवळ्या वयात एवढी मुलं क्षयाने मरतच नव्हती! लस इतर रोगांविरुद्धही बळ देत असावी, असं त्यांनी १९३२ मध्ये सुचवलं.

यावर जुना आक्षेप असा, की लस घेणारी घरंच अधिक जागरूक असणार. गिनी-बिसाऊत पीटर ऑबी यांच्या चमूने तो चिठ्ठ्या टाकून तपासला. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांपैकी काहींना लगेच बीसीजी दिली, उरलेल्यांना नंतर. तीन चाचण्या एकत्र केल्यावर लगेच लस मिळालेल्यांत पहिल्या महिन्यातले मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी निघाले. महिन्याभरात क्षय मारत नाही; बाळं वाचली ती मुख्यतः रक्तातल्या जंतुसंसर्गापासून आणि श्वसनाच्या आजारांपासून.

हे घडतं कसं? नेदरलँड्सच्या मिहाई नेतेआ यांच्या गटाला २०१२ मध्ये दिसलं, की बीसीजीनंतर मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या जनुकांभोवतीच्या रासायनिक खुणा बदलतात. मग भलताच जंतू आला तरी त्या अधिक जोमाने तुटून पडतात. या पेशी रक्तात फार दिवस जगत नाहीत. तरी असर टिकतो, कारण उंदरांवरच्या प्रयोगांप्रमाणे बदल अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींतच होतो.

डेन्मार्कमध्ये मात्र जन्मताच बीसीजी देऊन बाळांचं इस्पितळात भरती होणं घटलं नाही. भारतात दोन किलोंखालच्या बाळांतही मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे नेस्लुंड चुकले? तसं म्हणण्याची घाई नको. डेन्मार्कमध्ये बाळमृत्यू मुळातच विरळ. भारतातल्या चाचण्यांत लसीचा रशियन वाण होता, गिनी-बिसाऊत डॅनिश. पॅरिसहून देशोदेशी गेलेले लसीचे जंतू प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळे वाढले आणि जनुकांनीही वेगळे झाले. भारतातल्या निकालाची गोम वाणात असू शकते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची बीसीजीही रशियन वाणाचीच, तेव्हा हा वाद महाराष्ट्रातल्या पाळण्यापासून फार लांबचा नाही.