जकार्डच्या पुठ्ठ्यापासून सी भाषेपर्यंत

सोलापुरी चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर उमटतो. मग त्या कागदाची एकेक आडवी ओळ वाचून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं दोरीने ओवायची आणि ती माळ मागावरच्या जकार्ड या यंत्रावर चढवायची. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हूक वर जातो आणि ताण्याचे धागे उचलले जातात. भोक नसेल तिथे धागे खालीच राहतात. मधून धोटा गेला की पुढचं कार्ड. माळेची टोकं जोडलेली असल्याने मोर पुन्हा पुन्हा विणला जातो. प्रोग्रॅममधला लूप तो हाच.

या कार्डांचं मूळ फ्रान्समधल्या लियों शहरात. 1725 मध्ये बाझील बूशोंने भोकं पाडलेला कागद मागाला लावला, तीन वर्षांनी फाल्कोंने कागदाऐवजी कार्डं आणली आणि 1804 च्या सुमारास जोसेफ मारी जकार्डने त्यांतून नीट चालणारं यंत्र उभं केलं. मात्र धागा तुटला तरी कार्डांना त्याचा पत्ता नसतो. 'असं झालं तर' हा प्रश्न त्यांना विचारताच येत नाही. चार्ल्स बॅबेजने 1830 च्या दशकात हीच कार्डं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली आणि आलेल्या उत्तरानुसार पुढची वाट निवडायची सोय त्यात योजली. माझ्या मते या कुळातली सगळ्यात मोठी उडी तीच.

वाट निवडायची ही सोय असलेली कॅरल ही रोबो चालवायची सोपी भाषा रिचर्ड पॅटिस यांनी स्टॅनफर्डमध्ये शिकवण्यासाठी रचली. तिचं पुस्तक 1981 चं. कॅरलला मोजक्याच आज्ञा कळतात: पुढे हो, डावीकडे वळ, खूण उचल, खूण ठेव, बंद हो. उजवीकडे वळायची आज्ञाच नाही. तीनदा डावीकडे वळवून ती आपणच घडवायची. समोर भिंत आहे का, हे तिला विचारता येतं. पण संख्या साठवायला चल नाहीत.

सी भाषा डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास बेल लॅब्समध्ये घडवली, ती युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिण्याच्या कामातून. तिच्यात चल आहेत, पॉइंटर आहेत, थेट स्मृतीला हात घालायची मुभा आहे. कॅरलमधल्या रोबोला भिंतीवर चालवलंत तर तो चूक दाखवून थांबतो. सीमध्ये अ‍ॅरेच्या हद्दीबाहेर लिहिलंत तर भाषा अडवत नाही. शेजारची माहिती बिघडू शकते आणि घोटाळा भलतीकडेच दिसतो. यंत्राच्या इतक्या जवळ जायचं तर ही जबाबदारी घ्यावीच लागते. म्हणून तर खऱ्या रोबोंच्या छोट्या नियंत्रकांवर आजही सी चालते.

आमच्याकडे सोलापुरात मुलांना पहिल्याच तासाला सी देतात. ते बदलावं. चौकटीच्या कागदावरची नक्षी ओळीओळीने वाचणारी माणसं या शहरात आहेत. शिक्षकांनी मुलांना आधी त्यांच्याकडे न्यावं, मग कॅरल द्यावी आणि त्यानंतर सी.