कडीत ओवलेले पत्रे

1939 साली वाशीममध्ये तांब्याचे चार कोरीव पत्रे उजेडात आले. यवतमाळचे संशोधक डॉ. य. खु. देशपांडे यांनी महाजन यांच्यासह त्यांचे वाचन प्रसिद्ध केले, पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते पुन्हा बारकाईने तपासले, आणि वाकाटक राजघराण्याच्या वंशवृक्षात एक अख्खी फांदी नव्याने दाखवावी लागली. तोवर अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर होती ती नंदिवर्धनची, म्हणजे नागपूर-रामटेककडची शाखा. वाशीमच्या पत्र्यांनी सांगितले की पहिल्या प्रवरसेनाला सर्वसेन नावाचा आणखी एक मुलगा होता, सर्वसेनाचा मुलगा विंध्यशक्ती, आणि या घराण्याचे ठाणे वत्सगुल्म, म्हणजे खुद्द वाशीम. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखात झिजलेल्या अक्षरांमुळे काही नावे चुकीची वाचली गेली होती. तीही या पत्र्यांच्या आधाराने मिराशींना दुरुस्त करता आली.

राजा कोण, गाव कोणते, काळ कोणता यावर तेव्हापासून पुष्कळ लिहिले गेले. ज्या वस्तूवर हे सारे कोरले होते तिच्याकडे मात्र फारसे कुणी थांबून पाहिले नाही. खरे तर तीच मोठी करामत आहे. मजकूर केवढा होणार हे आधी ठाऊक नसताना लिहिण्याची जागा कशी तयार ठेवायची, हा प्रश्न प्रत्येक काळातल्या लेखनिकाला पडला. हल्ली कचेऱ्यांत आणि वर्गांत एकमेकींना जोडत नेता येतील अशा लिहायच्या पांढऱ्या फरश्या भिंतीवर बसवतात. जागा कमी पडली की शेजारी आणखी एक. चौथ्या शतकात वत्सगुल्मच्या दरबाराने हाच प्रश्न तांब्याचे पत्रे आणि एक कडी घेऊन सोडवला होता.

जवळच्याच हिस्से-बोराळ्याचा शिलालेख शेजारी ठेवला की ही सोय चांगली कळते. देवसेन वाकाटकाच्या काळातला, शक 380 म्हणजे इसवी सन 458 च्या सुमाराचा हा लेख एका अधिकाऱ्याने बांधलेल्या सुदर्शन नावाच्या तलावाची नोंद देतो. दगडाला जेवढा चेहरा तेवढाच लेख. शेवटी चार ओळी जास्त झाल्या तर दुसरा दगड शेजारी आणून बसवता येत नाही. तलाव एका जागी असतो, त्याचा लेखही तिथेच राहिला तरी चालते. दानपत्राचे तसे नाही. दान दिलेले गाव एकीकडे, राजधानी दुसरीकडे, आणि पुरावा सांभाळायचा दान घेणाऱ्याच्या घरी, पिढ्यान्‌पिढ्या. वाशीमचे दान तर नांदीकटच्या, म्हणजे आजच्या नांदेडच्या, उत्तर मार्ग नावाच्या विभागातल्या गावाचे होते. तेव्हा लेख उचलून नेता यायला हवा, आगीत आणि पावसात टिकायला हवा, आणि मजकुराप्रमाणे वाढायला हवा.

या पत्र्यांचा घाट ताडपत्रावरून घेतलेला. आडवे, लांबट, उंचीला कमी. काही वेळा घडवताना कडा किंचित उचलून ठेवत, म्हणजे पत्रे एकमेकांवर आले तरी अक्षरे घासली जात नाहीत. एका बाजूला भोक. अक्षरे कोरणारा त्या भोकाभोवती जागा सोडून ओळ पुढे नेतो. पहिल्या पत्र्याची बाहेरची बाजू आणि बहुधा शेवटच्याचीही कोरी ठेवायची रीत होती. आतल्या पत्र्यांवर दोन्ही बाजूंनी मजकूर. म्हणजे संच मिटला की लेखाला तांब्याचेच पुठ्ठे मिळतात.

मजकुराचीही बांधणी तशीच तुकड्यातुकड्यांची आहे. वाशीमच्या पत्र्यांत वंशावळ संस्कृतात, आणि प्रत्यक्ष व्यवहार, म्हणजे गाव कुणाला दिले, कोणते कर माफ, कोणते त्रास होणार नाहीत, हे प्राकृतात. शेवटचा मंगल शब्द पुन्हा संस्कृत. वंशावळ हा ठरीव भाग. तो दर दानपत्रात जवळपास तसाच येतो. सवलतींची यादीही बरीचशी ठरलेली: सैनिक गावात शिरणार नाहीत, फुले-दूध उकळणार नाहीत, गवत, कातडे, कोळसा मागणार नाहीत. या यादीतून त्या काळच्या खेड्याला सरकारी माणसांचा काय जाच होता ते लख्ख दिसते, आणि कुठल्याही काव्यापेक्षा ती मनाला अधिक भिडते. दर वेळी बदलतात ती गावाची, दान घेणाऱ्यांची नावे आणि तिथी. पत्र्यांची संख्या वाढते ती मुख्यतः इथे.

अचलपूरजवळच्या चम्मकचा संच याचा उत्तम नमुना. 1868 मध्ये शेत नांगरताना तो सापडला. नंदिवर्धन शाखेतल्या दुसऱ्या प्रवरसेनाच्या अठराव्या वर्षी चर्मांक गावाची राजमापाने आठ हजार भूमी एक हजार ब्राह्मणांना दिल्याचे तो सांगतो. हजार नावे काही कोरली गेली नाहीत, पण जी 49 कोरली ती गोत्रासह कोरली. शिवाय अटी आहेत: राजद्रोह करायचा नाही, चोरी-व्यभिचार करायचा नाही, लढायला जायचे नाही, इतर गावांना उपद्रव द्यायचा नाही, हे पाळले तोवर दान चालू. इतके सगळे मावायला सात पत्रे लागले. वाशीमचे काम चारांत भागले, वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेच्या पुण्यात मिळालेल्या दानपत्राचे दोनांत. दक्षिणेत पुढे चोळांनी ही रीत टोकाला नेली. राजेंद्र चोळाच्या तिरुवालंगाडूच्या संचात 31 पत्रे आहेत.

वाकाटकांच्या आधी रोमन साम्राज्यात निवृत्त सैनिकांना नागरिकत्वाचा दाखला म्हणून काशाचे पत्रे देत. तिथे पत्रे दोनच, तारेने एकमेकांना बांधलेले, तारेवर सात साक्षीदारांच्या मुद्रा. बनावट होऊ नये म्हणून मजकूर आतही आणि बाहेरही. युक्ती चोख होती, पण ती दोन पत्र्यांवर थांबली. तिथे तिसऱ्याची सोयच नव्हती. तारेऐवजी कडी आली की किल्ल्यांच्या जुडग्याप्रमाणे हवे तेवढे पत्रे ओवता येतात. वाकाटकांच्या लेखनिकांनी नेमकी हीच मोकळीक घेतली.

मोकळीक आली की धोकाही आला. ज्याला आणखी एक पत्रा ओवता येतो त्याला तो खोटाही ओवता येईल, किंवा मधला एक काढून टाकता येईल. म्हणून कडीवर राजमुद्रा. चम्मकसारख्या संचांत ही जोडणी जवळून पाहण्याजोगी आहे. कडीची दोन टोके ठोकून चपटी केलेली, एकावर एक ठेवून खिळ्याने जोडायची. मुद्रा म्हणजे तांब्याची पातळ गोल चकती, तिच्यावर राजाचे शासन कोरलेले. चकतीच्या पाठीला डाख देऊन बसवलेली छोटी कडी, आणि या छोट्या कडीतून मोठी कडी जाते. म्हणजे मुद्रा कडीवर सरकत राहते. पत्रे उलटताना ती आड येत नाही आणि गळूनही पडत नाही.

या जोडणीत एक कच्चा दुवा होता आणि तो मान्य करायला हवा. खिळा निघाला की सगळे सुटे. पुढच्या काळातल्या अनेक राजवटींनी कडीची टोके मुद्रेच्या ओतीव गोळ्यातच घट्ट बसवली, त्यामागे हीच काळजी असणार. वाकाटकांनी मात्र भरवसा टाकला तो दुसऱ्या गोष्टींवर. सुरुवातीलाच ‘दृष्टम्’, म्हणजे मसुदा पाहिला, मंजूर. शेवटी राज्यवर्ष, ऋतू, पक्ष, दिवस. वाशीमच्या पत्र्यांवर सदतिसावे वर्ष आणि हेमंत ऋतूचा पक्ष आहे. तिथीनंतर लेख संपला, पुढे कुणी काही लिहायचे नाही. काही संचांत लिहिणाऱ्याचे आणि कोरणाऱ्याचे नावही येते. बैतूलकडच्या पट्टणच्या दानपत्रात सेनापती कात्यायनाच्या हाताखालच्या कालिदासाने लेख लिहिला आणि ईश्वरदत्त सोनाराने तो कोरला, असे नोंदवले आहे. हा कालिदास कवी नव्हे, साधा कारकून. पण मजकूर लिहिणारा एक आणि छिन्नी चालवणारा दुसरा, ही कामाची वाटणी त्यातून कळते. अक्षराच्या डोक्यावर लहानशी चौकोनी पेटी काढायच्या वाकाटक वळणात चुकीला जागा फार. सोनाराचा हात त्यासाठीच लागे.

कडी सुटल्यावर काय होते याचे उदाहरण लंडनला आहे. तिथल्या इंडिया ऑफिसच्या संग्रहात वत्सगुल्महून निघालेल्या देवसेनाच्या दानपत्राचा एकच पत्रा पोचला. तो संचातला पहिला. राजधानीचे नाव आहे, राजाचे नाव आहे, मजकूर सुरू होतो आणि पत्रा संपतो. बाकीचे पत्रे कुठे गेले ते गेले. वाशीमच्या लेखनिकाने लिहिलेला आरंभ परदेशी कपाटात आणि शेवट कुठेच नाही, ही गोष्ट वाचताना जीव हळहळतो. हा एक पत्रा तरी राहिला. तांबे वितळवून भांडी करता येतात, आणि जुने पत्रे मोडीत निघाले की जातात ते तांबटाकडे. प्रभावतीगुप्तेचा पुण्यातला संचदेखील नगरहून पुण्यात आलेल्या एका तांबटाच्या घरीच होता. त्या घराने तो मुशीत न घालता पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, म्हणून दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी वाकाटकांच्या घरी दिली होती आणि तिने राज्यकारभार पाहिला, हे तिच्याच शब्दांत आपल्यापर्यंत पोचले. तांबटाचे हे ऋण महाराष्ट्राने नीट मोजलेले नाही.

वाशीम जिल्ह्यातच, कारंजा लाड येथे, मजकुराप्रमाणे जागा वाढवायच्या मूळ प्रश्नाचे दुसरे उत्तर मोठ्या संख्येने जपलेले आहे. कारंजात बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठासंघ या तिन्ही जैन परंपरांची मंदिरे आहेत, आणि भट्टारकांच्या, म्हणजे जैन धर्मगुरूंच्या, गाद्यांमुळे तिथे हस्तलिखितांचे भांडार उभे राहिले. इथली पोथी कागदाची, पण चाल ताडपत्राचीच: सुटी आडवी पाने, वर खाली फळ्या, सगळ्याला कापडाचे वेष्टन. ताडपत्राला दोरा ओवायला भोक लागे. कागदाला त्याची गरज उरली नाही, तरी अनेक लेखनिक पानाच्या मधोमध तेवढी चौकट कोरी सोडत राहिले, तिथे लाल ठिपका किंवा नक्षी काढत राहिले. कडी गेली, दोरा गेला, भोकही गेले. जागा मात्र राहिली.

कडीचे काम मग आकड्यावर आले. प्रत्येक पानाच्या समासात पानाचा क्रमांक, तोही पानाच्या एकाच बाजूला, कारण मोजायची ती पाने. शेवटी पुष्पिका: कुठल्या संवतात, कुठल्या गावी, कुणासाठी, कुणी लिहिले. पोथी वाढवायची तर पाने वाढवत जायचे, बंधन काहीच नाही. पण एक पान हरवले की मध्येच खिंडार. सूचीकार अशा पोथीपुढे ‘त्रुटित’ एवढेच लिहितो.

मराठेशाहीच्या दफ्तरात तिसरा मार्ग दिसतो. मोडी मजकूर लांबला की कागदाच्या बंदाला पुढचा बंद चिकटवायचा; पत्र हातभर व्हायचे, कधी त्याहून कितीतरी लांब. इथे सुटे पान उरतच नाही. संशयाला जागा उरते ती फक्त चिकटवलेल्या जोडापाशी, म्हणून जोडावर पाठीमागून शिक्का उठवीत. अर्धा शिक्का एका कागदावर, अर्धा दुसऱ्यावर. आणि मजकूर जिथे संपला तिथे ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब, म्हणजे खाली कोऱ्या जागेत कुणी ओळ घुसडू नये. तांब्याच्या संचात राजमुद्रेने जे कडीवर केले ते इथे शिक्क्याने सांध्यावर केले. बाराशे-तेराशे वर्षांचे अंतर आहे, कारकुनाची धास्ती तीच.

कारंजाच्या सुट्या पानांचे नशीब लंडनच्या पत्र्याहून चांगले निघाले. रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची 1926 मध्ये प्रसिद्ध केली, तीत कारंजाची भांडारे आली आणि अपभ्रंश ग्रंथांचा केवढा साठा इथे आहे हे बाहेर कळले. मग कारंजातूनच जैन ग्रंथमाला निघाल्या. डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ 1931 मध्ये आले, प्रा. हिरालाल जैन यांनी संपादिलेले ‘णायकुमारचरिउ’ 1933 मध्ये आणि ‘करकंडचरिउ’ 1934 मध्ये. संपादकांनी एका पोथीतला पाठ दुसऱ्या पोथीशी ताडून पाहिला, एकीत पान फाटले असेल तर दुसरीतून भरून घेतले. ताम्रपत्राची एकच प्रत असते, तिथे ही सवलत नाही. देवसेनाच्या संचातला दुसरा पत्रा कुठल्या जुन्या वाड्याच्या फडताळात किंवा तांबटाच्या दुकानात अजून पडला असेल, तर त्याच्यावर कडीसाठी एका बाजूला भोक असेल आणि बहुतेक दोन्ही बाजूंना पेटीच्या डोक्याची अक्षरे. भांड्याच्या मोलाने तो विकला जाण्याआधी कुणीतरी तो ओळखायला हवा.